मालक नसलेली चूल : अमेरिकेतील होबोंचा उघड्यावरचा स्वयंपाक

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, त्यानंतर चारच वर्षांनी युटामधील प्रोमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले, आणि १८७३ च्या आर्थिक घबराटीत पेढ्या व कारखाने बुडून मोठ्या संख्येने माणसे रोजगाराला मुकली. या तिन्ही घटनांच्या संगमातून जो फिरता कष्टकरी वर्ग निर्माण झाला, त्याला पुढे 'होबो' हे नाव पडले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या तरुणांना उघड्यावर झोपण्याची आणि मिळेल त्या भांड्यात शिजवून खाण्याची सवय युद्धाने लावलेली होती, देश ओलांडणारी मालगाडी दारात उभी होती, आणि तिकिटाचे पैसे मात्र कोणाच्याच खिशात नव्हते. त्यामुळे मालगाडीच्या रिकाम्या वाघिणीत लपून किंवा तिच्या तळाशी असलेल्या सळयांवर अंग टेकून हजारो मैलांचा प्रवास करणे आणि वाटेत रुळांच्या कडेला चूल मांडणे ही या वर्गाची जीवनपद्धती ठरली.

होबो कोण आणि कोण नव्हे, याविषयी हा वर्ग स्वतः अत्यंत काटेकोर होता. जो हिंडतो आणि कामही करतो तो होबो, जो हिंडतो पण काम टाळतो तो 'ट्रॅम्प', आणि जो हिंडतही नाही व कामही करत नाही तो 'बम', अशी त्यांची त्रिविध वर्गवारी प्रसिद्ध आहे, आणि होबोला कोणी बम म्हटले तर तो अपमान मानला जाई. गव्हाची कापणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत कॅनडापर्यंत जाई, तिच्या मागोमाग हे मजूर सरकत. वायव्येकडील लाकूडतोड, कॅलिफोर्नियातील फळतोडणी, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापणे आणि नव्या लोहमार्गांची बांधणी ही त्यांची इतर कामे होती. ज्या शेतीने आणि ज्या रेल्वेने त्यांना हुसकावून लावण्यासाठी पहारेकरी नेमले, त्या दोहोंचेही हंगामी काम त्यांच्याशिवाय पार पडत नसे.

स्थिर वस्तीच्या समाजाने मात्र या माणसाकडे एकतर भीतीने पाहिले किंवा थट्टेने. न्यू जर्सी राज्याने १८७६ मध्ये भटक्यांविरुद्ध कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले, तर १८७७ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने, दारात येणाऱ्या ट्रॅम्पला द्यावयाच्या मांसात थोडे विष कालवावे, असा सल्ला छापला. तो थट्टेने दिला असो वा गांभीर्याने, उपाशी माणसाच्या ताटाविषयी तो छापून येऊ शकला यातच त्या काळाचे मन कळते. पुढे भीती ओसरून थट्टा वाढली. १९०० मध्ये फ्रेडरिक ऑपर या व्यंगचित्रकाराने 'हॅपी हूलिगन' हे पात्र निर्माण केले आणि त्याच्या डोक्यावर टोपी म्हणून चक्क एक पत्र्याचा डबा ठेवला. १९१४ मध्ये चार्ली चॅप्लिनने ट्रॅम्पला पडद्यावर आणले आणि १९२५ च्या 'द गोल्ड रश' या चित्रपटात त्याला उकडलेला बूट काटा-चमच्याने खायला लावले. या चित्रांनी लोक हसले आणि ते हसणे स्वाभाविकही होते, परंतु डोक्यावरचा तो डबा प्रत्यक्षात चुलीवरचा होता आणि त्याच्याभोवती एक पूर्ण स्वयंपाकघर उभे होते, हे त्या वाचकांना ठाऊक नव्हते. त्या स्वयंपाकघराला भिंती नव्हत्या, मालक नव्हता आणि ठरावीक आचारीही नव्हता, पण नियम होते, आणि ते अनेक घरांतील नियमांपेक्षा कडक होते. विनोदही होता, आणि बाहेरच्यांनी काढलेल्या व्यंगचित्रांपेक्षा तो कितीतरी सरस होता.

या उघड्यावरच्या तळाला होबो 'जंगल' म्हणत. त्याचे सर्वांत विश्वसनीय वर्णन नेल्स अँडरसन यांच्या 'द होबो' या १९२३ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. अँडरसन तरुणपणी स्वतः मालगाड्यांवरून हिंडलेले होते, त्यामुळे त्यांचे लेखन लांबून केलेल्या पाहणीपेक्षा वेगळे आहे. शिकागोतून वर्षाकाठी तीन ते पाच लाख फिरते मजूर जातात, असा त्यांचा अंदाज होता, आणि शहराबाहेर ही माणसे कुठे जेवतात याचे उत्तर म्हणून त्यांनी जंगलावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जंगलाची जागा निवडणे हेच मुळात एक शास्त्र होते. ती रेल्वेच्या अशा ठाण्याजवळ असावी लागे जिथे गाड्या थांबतात, पण इतकीही जवळ नसावी की पोलिसांच्या डोळ्यांत भरेल. जमीन कोरडी व सावलीची, पाणी स्वयंपाकाला आणि अंघोळीला पुरेसे, सरपण भांडे उकळत ठेवण्याइतके, आणि पाव, मांस व भाजी मिळेल असे एखादे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर, इतक्या गोष्टी एकत्र जुळल्या की ते जंगल कायमचे होई. अशा जागी डबे, पातेली आणि तवे ठेवलेले असत, कपडे वाळत घालण्यासाठी दोरी बांधलेली असे आणि दाढीसाठी आरसाही असे. कोणाच्याही मालकीची नसलेली ही भांडीकुंडी वर्षानुवर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या उपयोगी पडत.

हे सारे ज्या वस्तूवर उभे होते ती वस्तू म्हणजे पत्र्याचा डबा. डबाबंद अन्नाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात लागला, यादवी युद्धात सैनिकांच्या शिधापेटीतून तो अमेरिकेत घरोघर पोचला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रत्येक गावाच्या उकिरड्यावर रिकाम्या डब्यांचे ढीग पडू लागले. गाव जे टाकून देई ते होबो उचलून आणी. टोमॅटोचा मोठा डबा म्हणजे पातेले, कॉफीचा डबा म्हणजे किटली, आटवलेल्या दुधाचा लहान डबा म्हणजे पेला, चरबीची बादली म्हणजे रश्श्याचे भांडे आणि रॉकेलचा चौकोनी डबा म्हणजे पाण्याचा हंडा. गॅलनभर मापाच्या मोठ्या डब्याला त्यांनी 'गनबोट', म्हणजे तोफा बसवलेली युद्धनौका, असे भारदस्त नाव दिले होते. डब्याच्या काठाशी समोरासमोर दोन भोके पाडून त्यांतून तार ओवली की कडी तयार होई, आणि ती कडी आडव्या फांदीत अडकवली की चुलीचा प्रश्न सुटे.

फांदी नसली किंवा वारा फार असला, तर डबा स्वतःच चूल होई. डब्याच्या बुडाशी एका बाजूला काटक्या सारता येतील एवढी चौकोनी फट कापायची, वरच्या काठाखाली विरुद्ध बाजूला काही भोके पाडायची आणि डब्याच्या तोंडावर दुसरा लहान डबा ठेवायचा. जाळ पेटला की तापलेली हवा वरच्या भोकांतून बाहेर पडते, तिची जागा घ्यायला खालच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जाते, आणि बोटाएवढ्या जाडीच्या मूठभर सुक्या काटक्यांवर कॉफीचे पाणी उकळते. वारा जाळ विझवत नाही, धूर कमी होतो आणि दुरून उजेड दिसत नाही, आणि हा शेवटचा गुण होबोच्या दृष्टीने चवीपेक्षाही मोलाचा होता, कारण रेल्वेचा पहारेकरी, ज्याला ते 'बुल' म्हणजे वळू म्हणत, धुराच्या रेषेवरूनच माग काढी. दाहीदिशांना उष्णता उधळणाऱ्या उघड्या जाळापेक्षा ही बंदिस्त चूल कितीतरी काटकसरीची आहे, आणि ती ज्यांनी सिद्ध केली त्यांच्या हाती एक सुरी आणि एक खिळा यांपलीकडे क्वचितच काही हत्यार होते.

जंगलातील मुख्य पदार्थ म्हणजे 'मलिगन', अर्थात मांस आणि भाज्या एकत्र शिजवलेला दाट रस्सा. त्याची ठरावीक कृती नव्हती आणि असणे शक्यही नव्हते, कारण त्या दिवशी कोणाला काय मिळाले यावरच सारे अवलंबून असे. म्हणून मलिगनची कृती म्हणजे खरे तर कामाची वाटणी होती. एकजण खाटकाकडे जाऊन हाडे आणि कापताना उरलेले मांसाचे तुकडे मागून आणी, दुसरा पाववाल्याकडून शिळा पाव आणी, तिसरा एखाद्या शेतकऱ्याकडे दोन तास लाकडे फोडून त्याच्या बदल्यात बटाटे आणि कांदे मिळवी, चौथा कोबीचा गड्डा घेऊन येई आणि तो कसा मिळाला हे त्याला कोणी विचारत नसे. ज्याच्या हाती काहीच लागले नाही तो सरपण गोळा करी आणि पाणी आणी, त्यामुळे रिकाम्या हाताचा माणूसही हक्काने पंगतीला बसे. हाडे आणि मांस आधी चुलीवर चढे, मग कांदा, बटाटा आणि गाजर, आणि शेवटी कोबी. मीठ मात्र बहुतेकांच्या गाठोड्यात स्वतःचे असे, कारण मीठ मागायला गावात जाण्यासारखे वेळखाऊ काम दुसरे नाही.

आचाऱ्याला 'मलिगन मिक्सर' म्हणत. हे पद निवडणुकीने मिळत नसे आणि वयानेही मिळत नसे. ज्याने पूर्वी एखाद्या लाकूडतोडीच्या छावणीत किंवा रेल्वेच्या मजूरगाडीत भांडी सांभाळली असतील त्याच्याकडे ते आपोआप जाई, आणि एकदा पळी हाती आली की तिची सत्ता मोठी असे. डब्यात काय पडावे, केव्हा पडावे आणि कोणत्या वस्तूला मुळीच प्रवेश नाही, हे तोच ठरवी. कोंबडी मिळाली तर मेजवानीच होई. होबोंच्या बोलीत कोंबडीला 'गंप' म्हणत, आणि गंप घातलेल्या मलिगनची कीर्ती पुढच्या ठाण्यापर्यंत पोचे, मात्र ज्या खुराड्यातून ती कोंबडी नाहीशी झालेली असे त्याच्या मालकापर्यंत ती पोचण्याआधी जंगल रिकामे करणे शहाणपणाचे ठरे. हंगामात शेतातली मक्याची कणसे पानांसकट निखाऱ्यांत खुपसली जात आणि बटाटे गरम फुफाट्यात पुरले जात. साल कोळशासारखी काळी होई, पण आतला गर वाफेने मऊसूत शिजलेला असे, आणि या पाककृतीला एकही भांडे लागत नसे.

कॉफीला 'जावा' म्हणत आणि पावाला 'पंक'. कॉफीची पूड थेट उकळत्या पाण्यात टाकीत, आणि चोथा खाली बसावा म्हणून वरून थंड पाण्याचा शिपका मारीत. दारोदार मिळणाऱ्या अन्नाचेही त्यांनी बारकाईने वर्गीकरण केले होते. मागच्या दाराशी कागदात गुंडाळून हातावर ठेवलेले अन्न म्हणजे 'लंप', पायरीवर बसून मांडीवर ताट घेऊन खाण्याचे अन्न म्हणजे 'नी-शेकर', कारण ताट सावरताना गुडघे थरथरतात, आणि घरात बोलावून टेबलाशी बसवून दिलेले जेवण म्हणजे 'सिट-डाउन', जे क्वचित मिळे आणि वर्षभर आठवणीत राही. आपल्याच भुकेच्या अवस्थांना अशी नेमकी व खेळकर नावे देणारा माणूस स्वतःच्या स्थितीकडे थोडे दूर उभे राहून पाहू शकत होता, आणि होबोंच्या विनोदाचे खरे बळ या तटस्थतेत आहे.

या विनोदाचा सर्वांत मोठा लिखित नमुना जॅक लंडन या कादंबरीकाराने मागे ठेवला आहे. १८९३ च्या मंदीनंतर बेकारांचे जथे वॉशिंग्टनकडे मोर्चाने निघाले, त्यांतील एक जथा चार्ल्स केली याच्या नेतृत्वाखाली १८९४ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातून निघाला आणि अठरा वर्षांचा लंडन वाटेत त्याला जाऊन मिळाला. पुढे १९०७ मध्ये 'द रोड' या पुस्तकात त्याने या प्रवासाची हकीकत लिहिली. आयोवा राज्यातील डे मॉइन या शहरी पोचल्यावर या जथ्याने, म्हणजेच केलीच्या 'सैन्याने', तळ ठोकला तो एका स्टोव्हच्या कारखान्याच्या आवारात, आणि पाय दुखतात म्हणून पुढे चालण्यास साफ नकार दिला. रेल्वे कंपन्या त्यांना फुकट न्यायला तयार नव्हत्या, आणि गावकऱ्यांनी हिशेब केला तो असा, की दोन हजार माणसे दिवसातून तीनदा जेवली तर दिवसाला सहा हजार आणि आठवड्याला बेचाळीस हजार ताटे होतात. या गणिताचा परिणाम त्वरित झाला. नदीमार्गे पाठवणी करण्यासाठी लाकूडसामान उभे केले गेले, होड्या बांधल्या गेल्या आणि सारे सैन्य डे मॉइन नदीच्या प्रवाहाला लागले.

त्यापुढचा भाग हा उघड्यावरच्या स्वयंपाकाच्या इतिहासातील अत्यंत गमतीचा अध्याय आहे. काठावरचे शेतकरी या सैन्यासाठी शिधा गोळा करून वाट पाहत बसत. लंडन आणि त्याचे नऊ साथीदार आपली होडी मुख्य तांड्याच्या अर्धा दिवस पुढे काढीत, गाव जवळ आले की अमेरिकेचे झेंडे उभारीत, आपली ओळख 'आघाडीची होडी' अशी करून देत आणि सैन्यासाठी काय जमवले आहे याची अधिकारवाणीने चौकशी करीत. मग तंबाखू, कॉफी, साखर आणि डबाबंद पदार्थ असा उत्तम माल ते आपल्या होडीत भरीत, आणि पिठाची व वालासारख्या कडधान्याची पोती तसेच कापलेले बैल मागून येणाऱ्या बांधवांसाठी काठावर सोडून देत. दूध इतके मिळे की हे दहाजण कॉफी पाण्यात न उकळता दुधातच उकळीत, आणि या पेयाला त्यांनी 'पेल व्हिएन्ना', म्हणजे फिकट व्हिएन्ना, असे युरोपीय थाटाचे नाव ठेवले होते. अखेर केलीने दोन घोडेस्वार पुढे धाडून गावोगाव सावधगिरीची सूचना दिली, तेव्हा या आघाडीच्या होडीचे स्वागत झेंड्यांऐवजी शिपाई आणि कुत्रे करू लागले. लंडनने हे सारे न लपवता लिहिले आहे. त्याच्या टोळीचे वर्तन मात्र जंगलाच्या रिवाजाच्या अगदी विरुद्ध होते, कारण मागून येणाऱ्याच्या वाट्यातले उत्तम ते आधी उचलायचे, हे जंगलात कोणीही खपवून घेतले नसते.

तेथील दंडसंहिता अँडरसन यांनी नोंदवली आहे. जेथे धाडी पडण्याचा धोका असे तेथे रात्री जाळ पेटवणे हा गुन्हा होता. झोपलेल्या सोबत्याला लुबाडणे हा गुन्हा होता. अन्न वाया घालवणे किंवा स्वतःचे पोट भरल्यावर उरलेले नासवणे हा गंभीर गुन्हा होता. आधी जळण न आणता शिजवायला बसणे, वापरलेली भांडी खरकटी टाकून जाणे आणि तळावरचे सामान मोडणे हेही गुन्हे होते. यांतील भांड्यांचा नियम जितका साधा दिसतो तितकाच तो महत्त्वाचा होता, कारण जंगलात डब्यांचा आणखी एक उपयोग असे : मोठ्या डब्यात पाणी उकळून त्यात उवांनी भरलेले कपडे शिजवून काढीत, आणि जिथे एकाच रांगेत कपड्यांचा डबा आणि रश्श्याचा डबा असतो तिथे स्वच्छता हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. घासलेला डबा उपडा ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी साचून गंजणार नाही, हा धडा नव्या पोराला पहिल्या जेवणानंतर मिळे. जो माणूस तळावर कायमचा मुक्काम ठोकून इतरांच्या उरल्यासुरल्यावर जगे त्याला 'बझर्ड', म्हणजे गिधाड, म्हणत, आणि त्याला भांडी घासण्याच्या बदल्यात सहन केले जाई किंवा हाकलून दिले जाई.

या नियमांमागे पोलीस नव्हता, न्यायालय नव्हते आणि बहुतेकदा एकमेकांची खरी नावेही कोणाला ठाऊक नसत. तरीही ते पाळले गेले, याचे कारण चुलीच्या व्यवहारातच होते. आज जो डबा घासून ठेवतो तो उद्या दुसऱ्या ठाण्यावर दुसऱ्याने घासलेल्या डब्यात शिजवणार असतो, आणि एकाने ही साखळी तोडली तर त्याचा त्रास अनोळखी भुकेल्याला होतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या पोटाने अनुभवलेले असे. १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या कामगार संघटनेने हा रिवाज पुढे नेला. तिच्या शेतमजूर शाखेची स्थापना १९१५ मध्ये कॅन्सस सिटी येथे झाली, आणि तिच्या सभासदांनी कापणीच्या पट्ट्यातील जंगलांतून दारूविक्रेते व जुगारी यांना हुसकावून लावले, कारण हंगामाची कमाई खिशात घेऊन चुलीशी बसलेला मजूर हे त्यांचे हक्काचे सावज होते.

जंगलात वंशभेद पाळला जाई का, या प्रश्नावर अँडरसन यांची नोंद मोलाची आहे. काही तळांवर गोऱ्यांनी वेगळी चूल मांडली, तरी विशेषतः उत्तरेकडे गोरे, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन एकाच जंगलात राहत, हीच सर्वसाधारण रीत होती. त्या काळी हॉटेलात एका टेबलाशी बसणे ज्यांना अशक्य होते ती माणसे एका डब्यातला रस्सा वाटून घेत होती. याचा अर्थ जंगल हे नंदनवन होते असा नव्हे. तेथे दांडगाई होती, चोऱ्या होत्या, पोरवयाच्या मुलांचे शोषण होते, आणि स्त्रियांना या चुलीशी सुरक्षित जागा क्वचितच मिळे. परंतु पंगतीचा प्रश्न तेवढा या बेघर माणसांनी आपल्या समाजाच्या आधी काही अंशी सोडवला होता, हे नमूद केलेच पाहिजे.

१९२९ च्या महामंदीने जंगलावर अपूर्व ताण आणला. मिसूरी पॅसिफिक या एका रेल्वे कंपनीच्या नोंदींत १९२८ मध्ये विनातिकीट प्रवास करणारे सुमारे पावणेचौदा हजार लोक होते, तर १९३१ मध्ये हाच आकडा एक लाख शहाऐंशी हजारांवर गेला. आता येणाऱ्यांत अनुभवी होबो थोडे आणि घरात खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून बाहेर पडलेली शाळकरी वयाची मुले फार होती. या मुलांना ना डबा घासून ठेवण्याचा रिवाज ठाऊक होता, ना कमी धुराचा जाळ करण्याची हातोटी. जुन्या माणसांनी त्यांना काही ठिकाणी शिकवले, काही ठिकाणी हाकलले, आणि मलिगनमध्ये मांसाचे प्रमाण घटून पाण्याचे वाढले. मंदीच्या तोंडावर, १९२८ मध्ये, हॅरी मॅक्लिंटॉक या गायकाने ध्वनिमुद्रित केलेले 'द बिग रॉक कँडी माउंटन' हे होबोंच्या स्वर्गाचे गाणे लोकप्रिय झाले. त्या स्वर्गात आयते रस्स्याचे तळे आहे, कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात आणि पोलिसांचे पाय लाकडी आहेत, म्हणजे सरपण, शिजवणे आणि पळणे ही होबोच्या दिवसाची तिन्ही कामे तेथे एकदम रद्द होतात. मूळ गाण्यातील दारू आणि तंबाखूचे उल्लेख वगळून ते पुढे लहान मुलांचे गाणे झाले.

जंगल संपले ते दडपशाहीने नव्हे, यंत्रांनी. कापणी आणि मळणी एकत्र करणारे यंत्र १९२० च्या दशकात गव्हाच्या शेतांत पसरू लागले आणि हजारो हातांचे काम थोड्या माणसांवर आले. उरलेले हंगामी मजूर जुन्या मोटारी घेऊन कुटुंबासह येऊ लागले, आणि मोटारीत स्वतःची भांडी असणाऱ्याला सामाईक डब्याची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली, तेव्हा पाणी आणि कोळसा घेण्यासाठी ठिकठिकाणी थांबणाऱ्या मालगाड्या न थांबता धावू लागल्या, आणि ज्या थांब्यांच्या आधाराने जंगले वसली होती ते थांबेच बंद पडले.

आयोवातील ब्रिट या लहानशा गावाने मात्र ही चूल जाणीवपूर्वक पेटती ठेवली आहे. १९०० मध्ये तेथील व्यापाऱ्यांनी गावाचे नाव गाजावे म्हणून 'टूरिस्ट युनियन ६३' या होबोंच्या संघटनेला आपले अधिवेशन ब्रिटमध्ये भरवण्याचे निमंत्रण दिले, आणि १९३३ पासून दर ऑगस्टमध्ये तेथे होबो मेळावा भरतो. होबोंचा राजा आणि राणी निवडली जाते, मोठमोठ्या भांड्यांत मलिगन शिजते आणि येणाऱ्या प्रत्येकाला फुकट वाढले जाते. गावात होबो संग्रहालय आहे आणि दफनभूमीत होबोंसाठी राखीव जागाही आहे. दुसरीकडे, १९४७ मध्ये स्वयंपाकघरात वापरण्याजोगा ॲल्युमिनियमचा पातळ कागद बाजारात सर्रास आला, त्यानंतर स्काउट आणि गाइडच्या शिबिरांत 'होबो डिनर' नावाचा प्रकार रूढ झाला : मांस, बटाटा, गाजर आणि कांदा चंदेरी कागदात बांधून निखाऱ्यांवर ठेवायचे. साहित्य जवळजवळ मलिगनचेच, पण प्रत्येक मुलाची पुडी वेगळी, तिच्यात काय घालायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे, आणि जेवण झाल्यावर घासायला भांडे नाही.